एकशे दोन अंश

आंबेकर सर अंडं हातात घेतलं की आधी ते पापणीला लावायचे. डावा डोळा मिटायचे, अंड्याचा फुगीर भाग पापणीवर टेकवायचे आणि क्षणभर तसेच उभे राहायचे. समोर पेटीत चांगला विलायती थर्मामीटर टांगलेला असे, पण त्याच्याकडे बघायचे ते नंतर. "तळहात फसवतो, कुमुदबाई. तो स्वतःच कधी गार, कधी गरम. पापणी सहसा फसत नाही," म्हणायचे. कॉलेजची पोरं हे खिडकीतून बघायची आणि खिदळायची. आंबेकरांचं 'अंडेकर' त्यांनी पहिल्याच वर्षी करून टाकलं होतं. एकदा हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून "अंडेकर साहब आ गए" असं स्वच्छ ऐकू आलं. सरांनी हजेरीपटावरून मानही वर केली नाही. "आ गए. बैठिए," म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

परवा माझ्या भावाची नात, सई, पुण्याहून आली होती. ती तिकडे पेशींवर काहीतरी संशोधन करते. जेवण झाल्यावर तिने फोनवर मला एक काचेची थाळी दाखवली. थाळीत एक ठिपका धडधडत होता.

"आजी, या हृदयाच्या पेशी आहेत. मुळात या भ्रूणातल्या मूलपेशी. काहीही होऊ शकल्या असत्या, कातडी, मेंदू, काहीही. आम्ही त्यांना बरोबर वेळेला बरोबर निरोप दिला."

"निरोप म्हणजे?"

"एक पेशी प्रोटीन सोडते, शेजारची ते पकडते. मग आत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत सांगत ते पार केंद्रकापर्यंत पोचतं, आणि ती पेशी ठरवते आपण कोण व्हायचं."

मी विचारलं, "आणि थांबवणारे निरोप? 'पुरे, इथे आता काही करू नका' असं सांगणारे?"

"असतात की! खूप असतात. तुला कसं माहीत?"

मी उठले आणि कुकर बघायला म्हणून आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

मला कसं माहीत! मला ते ज्या माणसाने सांगितलं, त्याच्या आयुष्याची मी माती केली, म्हणून माहीत. नव्वदी ओलांडली, आता लपवून कोणापासून लपवायचं? ज्यांच्यापासून लपवायला हवं होतं त्यांना तर सगळं कळलेलंच होतं. तेव्हा सांगून टाकते.

सर उज्जैनला आले ते ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला त्या सुमारास. मूळचे वाईकडचे. आमच्यासारखे नव्हेत, आम्ही लोक शिंद्यांच्या दप्तरातल्या कारकुनांचे वंशज, आमचं मराठी हिंदीत बुडवून काढलेलं. मी "सर, आज अंडी नाही मिळाली, फिकर करू नका, उद्या बराबर येतील" असं म्हटलं की ते गालात हसायचे. मला वाटायचं, चुका काढताहेत. पुढे बघते तर स्वतःच शिपायाला "फिकर करू नका" म्हणायला लागले होते.

माधव नगरात दोन खोल्या घेऊन सर आणि त्यांची विधवा थोरली बहीण राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. अक्का कडक सोवळ्याची. भाऊ दिवसभर अंड्यांत हात घालून बसतो हे तिला ठाऊक होतं, आणि त्यावर तिने स्वतःपुरता तोडगा काढला होता. सरांनी कॉलेजातून आल्यावर अंगणातल्या नळाखाली आंघोळ करायची, थंडी असो वा काही असो, आणि मगच उंबरठा ओलांडायचा. मी एकदा वही द्यायला गेले तेव्हा सर पंचा गुंडाळून कुडकुडत होते आणि आतून अक्का विचारत होती, "आज किती पिल्लं मारलीस?"

"सात," सर म्हणाले.

"काल?"

"काल चार."

"बरं. ये आत."

मी म्हटलं, सर, कशाला खरा आकडा सांगता? एक-दोन सांगून मोकळं व्हावं. तर डोकं पुसता पुसता म्हणाले, "ती विचारते ते माझं चांगलं करते हो. नाहीतर मी मोजायचं विसरलो असतो."

असा माणूस. आणि त्याच्या हाताखाली प्रात्यक्षिकं घ्यायला मी. तात्पुरती नेमणूक, दर वर्षी मुदतवाढ. घरात वडील निवृत्त झालेले, पाठचा भाऊ शिकत होता. चोविसाव्या वर्षी लग्न न करता कॉलेजात नोकरी करणारी मराठी वस्तीत मी एकटीच, त्यामुळे नोकरी गेली असती तर मला घरीच बसवलं असतं, हे मला नीट कळत होतं. ही सबब नाही. नुसतं सांगितलं.

सरांचं काम काय होतं ते आधी सांगते. कोंबडीचं अंडं दिवसभर उबवायचं. मग कवचाला करवतीने नखाएवढी खिडकी पाडायची. आत पिवळ्या बलकावर पिल्लाची पहिली पुसटशी रेघ दिसते. दुसऱ्या अंड्यातल्या तशाच पिल्लाचा एक कण, मोहरीहून लहान, उचलायचा आणि या पिल्लाच्या कडेला, जिथे काहीच व्हायचं नसतं तिथे, सरकवायचा. खिडकी मेणाने बंद करायची आणि पुन्हा उबवायचं. कण बरोबर जागचा आणि बरोबर वेळेचा असेल, तर शेजारच्या पेशी, ज्यांची नुसतं आवरण व्हायची तयारी चालली होती, त्या पाठीचा कणा घडवायला लागतात. म्हणजे त्या कणाने त्यांना काहीतरी सांगितलेलं असतं. हे परदेशातल्या लोकांनी दाखवलेलंच होतं. सरांचा प्रश्न पुढचा होता. हा सांगणारा कण म्हातारा झाला, म्हणजे जास्त उबवलेल्या पिल्लातून घेतला, की काय सांगतो? गप्प होतो, की दुसरंच काही सांगतो?

सरांची ही सगळी प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली, दोन उबवणपेट्या आणि एक भिंग. पेट्या सरांनी टावर चौकाजवळच्या सुताराकडून करून घेतल्या होत्या. मोठीला ते थोरली म्हणायचे, छोटीला धाकटी. खाली रॉकेलचा दिवा, वर अंडी. विजेचा तेव्हा काय भरवसा! सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला दिव्यात रॉकेल भरायचं, थर्मामीटर बघायचा आणि वहीत लिहायचं. पारा एकशे दोन अंशांवर असायला हवा, फॅरनहाइट.

आणि ती वही. वहीचा एकच नियम होता. खोडायचं नाही. "चूक झाली तर आडवी रेघ मारा आणि शेजारी खरं काय ते लाल शाईने लिहा. खालचं वाचता आलं पाहिजे. चूक ही पण माहिती आहे, ती फेकून कशी देता?" त्यांची स्वतःची पानं लाल शाईने भरलेली असायची. 'अंडे हातून निसटले.' 'डोके दुखत होते, मापन विश्वसनीय नाही.' एकदा तर 'रागाच्या भरात काम केले, वगळावे' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. राग कोणावर आला होता ते काही लिहिलं नव्हतं. बहुतेक माझ्यावरच असणार.

अंडी यायची भैरवगढहून. बाजारातली चालत नसत. कोंबडा बाळगणाऱ्या घरचीच लागत. तिकडे कापडावर ठसे मारणाऱ्या छिप्यांच्या वस्तीत हमीदाबी म्हणून एक बाई होती, तिच्या कोंबड्या. रविवारी सर सायकलवर जायचे आणि कोंड्यात रचलेली अंडी घेऊन सायकल हातात धरून परत यायचे, धक्का बसू नये म्हणून. एकदा मीही गेले होते. हमीदाबीचे हात कोपरापर्यंत रंगलेले. तिच्या पुढ्यात रंगाचा मोठा हंडा उकळत होता आणि ती ठसे मारलेलं कापड त्यात सोडत होती. कापड आत जाताना जवळजवळ कोरं दिसत होतं. बाहेर आलं ते लाल-काळ्या वेलबुट्टीचं.

सर खाली उकिडवेच बसले. "हंड्यात रंग एकच आहे ना? मग लाल कुठे, काळा कुठे, हे कोण ठरवतं?"

हमीदाबी हसली. "अरे मास्साब, कपड़ा भी एक, हंडा भी एक. जहाँ पहले फिटकरी का ठप्पा लगा, वहाँ लाल. जहाँ लोहे का लगा, वहाँ काला. हंडे को क्या मालूम!" फिटकरी म्हणजे तुरटी.

"और ठप्पा देर से लगाया तो?"

"रंगने के बाद? फिर कितना भी ठोको, कुछ नहीं होता."

दुसऱ्या दिवशी वर्गात हमीदाबीचं ठशांचं कापड फळ्यावर टाचून त्यांनी तासभर शिकवलं, अंड्याचं नावही न घेता, आणि शेवटच्या पाच मिनिटांत म्हणाले, "आता हेच पेशींबद्दल समजा." 'अंडेकर' म्हणणारी पोरंसुद्धा त्या दिवशी गप्प बसली होती. फळ्यावर त्यांनी तिचं नावही लिहिलं होतं, एखाद्या शास्त्रज्ञाचं लिहावं तसं.

आता संक्रांतीचं सांगते.

त्या वर्षी हवेत एकच विषय होता: राज्यांची पुनर्रचना होणार, मध्यभारत जाणार, सगळ्या नोकऱ्यांच्या नव्या याद्या होणार. तात्पुरत्या लोकांचं काय होणार कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या प्राचार्यांच्या बायकोने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि मला खास निरोप पाठवला. आमच्यात संक्रांतीला तिळगूळ द्यायला वरिष्ठांच्या घरी जाण्याची रीतच, आणि त्या वर्षी त्या तिळगुळाला जरा जास्तच अर्थ होता. कोण आलं, कोण नाही, सगळं बघितलं जाणार. मी कायम व्हावं म्हणून बाईसाहेबांनी साहेबांच्या कानावर एक शब्द घालावा, एवढीच माझी इच्छा. त्यात काय पाप होतं?

सर त्याच दिवशी म्हाताऱ्या कणांचा मोठा प्रयोग लावून बसले होते. दीड वर्ष त्याची तयारी चालली होती. आदल्या सकाळी दर अर्ध्या तासाला एक अशी बारा अंडी त्यांनी थोरलीत ठेवली होती, आणि संक्रांतीच्या सकाळी त्याच क्रमाने, दर अर्ध्या तासाला एक, बाराही अंड्यांत म्हातारे कण बसवले. नुसती खिडकी पाडलेली, कण न बसवलेली बारा अंडी तुलनेसाठी धाकटीत. दुपारी अक्काला दम लागल्याचा निरोप आला. धाकटीचा दिवा कमी तेल खाणारा, त्यात सरांनी सकाळपर्यंतचं रॉकेल भरलं, थोरलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिचा दिवा सातला भरा. आजची संध्याकाळ तुमच्यावर."

मी पाचला घरी जाऊन काळी चंद्रकळा नेसणार होते. जाता जाता वही समोर दिसली. सात वाजेपर्यंत येतेच आहे, म्हटलं, आणि संध्याकाळच्या रकान्यात आधीच लिहून टाकलं: एकशे दोन. खाली सही. दिव्यात तेल दिसत होतं. आमच्या सगळ्या कचेऱ्यांत अशीच आगाऊ नोंद करायची पद्धत होती, वडिलांनी आयुष्यभर केली. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

हळदीकुंकवात बाईसाहेबांनी मला अत्तर लावलं, जवळ बसवून घेतलं. "कुमुद, तू आमच्या घरचीच," म्हणाल्या. अशा वेळी उठून "मला कोंबडीच्या अंड्यांचा दिवा भरायचाय" म्हणायचं? त्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरात? मी बसले. घरी पोचले तेव्हा आई म्हणाली, आता कुठे जातेस, हळदीकुंकवाहून आलीस, अंड्यांना हात लावायचा नाही. आणि मी, एम.एस्सी. झालेली, ऐकलं. तेल पुरेल, म्हटलं.

सकाळी साडेसहाला पत्र्याची खोली उघडली. थोरलीची काच हाताला गार लागली. दिवा केव्हाच विझला होता. थर्मामीटर चौसष्ट. जानेवारीतली उज्जैनची थंडी, वरून पत्रा. मी दिवा पेटवला, काजळी पुसली. साडेनऊला पारा पुन्हा एकशे दोनवर आला. वही उघडीच होती. पेन होतं. लाल शाईची दौत होती. आडवी रेघ मारायला किती वेळ लागतो? मी दौतीकडे बघत बसले आणि सर येईपर्यंत तशीच बसून राहिले.

सर दहाला आले. अक्काला उतार पडला होता. पहिलं अंडं काढून पापणीला लावलं, मान हलवली. खिडकी उघडली, भिंग लावलं. मग दुसरं. मग तिसरं. मी दाराशी उभी होते. आता ओरडतील, म्हटलं.

"कुमुदबाई, इकडे या! थांबली आहेत. सगळी थांबली आहेत!" त्यांचा आवाज चिरकला होता. धाकटीतलं एक उघडलं, त्यातलं हृदय टुकटुक चालू होतं. "बघा, ही चालू, आणि ज्यांना म्हातारा कण लावला ती बाराही थांबली. तो गप्प बसत नाही हो. तो 'थांबा' सांगतो! काल सात वाजता किती होतं?"

"एकशे दोन," मी म्हटलं.

सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मला कॉलेजच्या उपाहारगृहातून जिलेबी मागवून खायला घातली. स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही, नुसते हात चोळत फिरत होते. ती जिलेबी मी खाल्ली. आजही टावर चौकातून जाताना जिलेबीचा वास आला की मी पदर नाकाला लावते.

सरांना घाई नव्हती. फेब्रुवारीत त्यांनी प्रयोग पुन्हा लावला, तर अंड्यांना बुरशी आली आणि हाती काही लागलं नाही. पुढे उन्हाळा, मालव्याच्या उन्हाळ्यात पेटीची उष्णता कोण सांभाळणार? "आणखी एक हिवाळा थांबू," म्हणाले. प्राचार्य थांबायला तयार नव्हते. पुनर्रचना होण्याआधी कॉलेजचं नाव परदेशात छापून यायला हवं होतं. सरांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हटलं, पाठवा सर. तो लेख टंकलेखन यंत्रावर उतरवला मीच. 'उष्णता सतत एकशे दोन अंशांवर राखली होती' हे वाक्य माझ्या बोटांनी इंग्रजीत उमटवलं. चूक झाली म्हणून एक कागद फाडून पुन्हा टंकला, स्पेलिंगची चूक होती. माझी लाज बघा, स्पेलिंगची दुरुस्त केली!

लेख छापून आला. कॉलेजात सत्कार झाला, प्राचार्यांनी सरांना हार घातला, मला कायम केलं. 'अंडेकर' म्हणणं पोरांनी सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात परदेशातून पत्र आलं. अगदी सभ्य भाषेत. तिथल्या एका प्रयोगशाळेने तीन वेळा तसंच करून बघितलं, त्यांची पिल्लं थांबत नव्हती. आपण कृपया पुन्हा तपासाल का?

तिसऱ्या दिवशी मी आत गेले तर त्यांनी संक्रांतीच्या पिल्लांच्या बारा काचपट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या, अंडी ज्या क्रमाने पेटीत ठेवली त्या क्रमाने. कोंबडीच्या पिल्लाच्या पाठीत मण्यांसारख्या जोड्या उमटतात. ऊब मिळत असेल तर ठरावीक वेळाने एक नवी जोडी. जोड्या मोजल्या की पिल्लू किती तासांचं ते कळतं. आधी सरांनी वहीत नुसतं 'नऊ ते तेरा जोड्या' एवढंच लिहिलं होतं, आनंदाच्या भरात. आता एकेक पट्टी भिंगाखाली घेऊन ते पाटीवर आकडे मांडत होते. पहिल्या अंड्यात तेरा, आणि मग उतरत उतरत शेवटच्यात नऊ.

"म्हाताऱ्या कणाने थांबवलं असतं," सर पाटीकडे बघत बोलले, "तर कण बसवल्यापासून तेवढ्याच तासांनी प्रत्येक अंडं थांबलं असतं. सगळ्यांत जोड्या सारख्याच भरल्या असत्या. पण आधी ठेवलेलं पुढे गेलंय, नंतर ठेवलेलं मागे आहे. म्हणजे बाराही एकाच घटकेला थांबली." पाटीवर त्यांनी एक वजाबाकी केली. "संध्याकाळी साडेसात-आठ." मग पाटी पालथी घातली. "दिवा."

मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. बोलले नसते.

"चूक माझी," सर म्हणाले. "बारा एका पेटीत आणि बारा दुसरीत, असं कोणी ठेवतं का? दोन्ही पेट्यांत सहा-सहा मिसळून ठेवायला हवी होती. मग दिवा विझला तरी लगेच कळलं असतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं."

त्यांनी लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं आणि मलाच टंकायला दिलं. 'उष्णता राखण्यात आमच्याकडून चूक झाली. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.' त्यात माझं नाव नव्हतं, माझा उल्लेखही नव्हता. मी ते टंकलं. या वेळी स्पेलिंगची एकही चूक झाली नाही.

नोव्हेंबरात मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला. नव्या याद्या निघाल्या. प्राचार्य सगळ्यांना सांगत फिरले की आंबेकरांनी कॉलेजचं तोंड काळं केलं. यादीत सरांचं नाव खाली घसरलं, आणि त्यांची बदली नव्या राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका इंटर कॉलेजात झाली, जिथे प्रयोगशाळेत बेडकाशिवाय काही नव्हतं. तिथे ते निवृत्त होईपर्यंत राहिले आणि तिथेच गेले. पुन्हा त्यांनी एकही अंडं उघडलं नाही, असं मला पुढे तिकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. आणि बघा, 'थांबा' सांगणारे निरोप असतात, म्हणते सई. सरांना वाटले तसे, तिथेच, असतील असं नाही, पण असतात. त्यांचा तो प्रश्न खरा होता. मी त्याच सकाळी लाल रेघ मारली असती तर पुढच्या हिवाळ्यात त्यांनी नीट मांडणी करून तो पुन्हा विचारला असता. मी मात्र त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर विभागप्रमुख होऊन निवृत्त झाले. निरोपसमारंभात मला 'काटेकोर' म्हणाले. मी हात जोडून ऐकून घेतलं. थू माझ्यावर.

एवढंच असतं तरी मी कदाचित आयुष्य काढलं असतं. सरांना दिवा कळला, माझी सही त्यांना दिसतच होती, पण वही मी आधी भरली की नंतर, मुद्दाम की चुकून, हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालले असते. पण त्यांचा शेवटचा दिवस राहिला आहे सांगायचा.

सामान गेलं होतं. अक्का टांग्यात बसून वाट बघत होती. सर पत्र्याच्या खोलीत मला किल्ल्या द्यायला आले. थोरलीतून एक अंडं काढलं, सवयीने पापणीला लावलं आणि परत ठेवलं. मग कपाटातून वही काढली, पानं उलटली, संक्रांतीचं पान उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. दौतीचं झाकण काढलं, लाल शाईच्या. पेन वहीच्या घडीत आडवं ठेवलं.

"कुमुदबाई, मी जरा चहा घेऊन येतो," म्हणाले. "शिपाई नाही आज."

उपाहारगृह तिथून पन्नास पावलांवर. मी त्या पानाकडे बघत बसले. माझं एकशे दोन, खाली माझी सही, झोकदार, चंद्रकळा नेसायच्या घाईतली. एक रेघ मारायची होती. शेजारी दोन शब्द लिहायचे होते. कोणी विचारणार नव्हतं, कोणी वाचणारही नव्हतं त्यांच्याशिवाय. मी पेन उचललं. आणि मला आठवलं की मी कायम झाल्याला अजून वर्ष व्हायचं आहे. मी पेन परत ठेवलं.

खिडकीतून बघितलं तर सर उपाहारगृहातून केव्हाच निघालेले होते. मधल्या कडुनिंबाखाली ते उभे होते, माझ्याकडे पाठ करून. दोन्ही हातांत चहाचे पेले. पीत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. पेल्यांतून वाफ येत होती, मग येईनाशी झाली. टांग्यातून अक्काने हाक मारली, त्यांनी मान हलवली आणि तरी तिथेच उभे राहिले. मला वेळ देत होते. मी बघत होते, मला कळत होतं, आणि मी बसून होते.

मग ते आले. वहीवर एक नजर टाकली. वही मिटली, दौतीचं झाकण लावलं आणि एक पेला माझ्यापुढे सरकवला.

"गार तर नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

मी एक घोट घेतला. पार गार झाला होता.

"नाही सर," मी म्हटलं. "चांगला गरम आहे."